क्रिकेटच्या घरातलं मूल बेसबॉलला जातं तेव्हा: अमेरिकेतल्या नव्या पालकांसाठी

अमेरिकेत मूल शाळेत रुळलं की हिवाळ्यात कधीतरी लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगच्या, नावनोंदणीचा विषय घरात निघतो. मित्र जातायत, मलाही जायचंय. आईबाबांचं सगळं बालपण क्रिकेटमध्ये गेलेलं असतं. बॅट आहे, चेंडू आहे, झेल आहे, म्हणजे साधारण तेच असणार, असं समजून ते पैसे भरून मोकळे होतात. त्यात निम्मं तथ्य आहे. चेंडूवरची नजर, अचूक फेक, पायांची चपळाई यांना दोन्ही खेळांत सारखाच मान आहे. पण आपल्या अंगात मुरलेल्या क्रिकेटच्या काही सवयी इथे मुलाला अडतात, आणि दोन-तीन तर सरळ इजा करतात.

मी आमच्या भागातल्या लीगमध्ये कोचच्या मदतीला उभा असतो. मराठी घरांतली मुलं दर वर्षी येतात आणि त्यांच्या आईबाबांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: बारा वर्षांपर्यंत मुलाच्या दोन गोष्टी जपा, त्याचं कोपर आणि त्याचा धीर. बाकीचं सगळं मागाहून शिकता येतं. या दोन गोष्टी एकदा दुखावल्या की परत यायला फार वेळ लागतो.

१. आधी गट नीट निवडा

लिटल लीग १९३९ साली पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी जेमतेम तीन संघांवर सुरू केली. आज गावोगावी तिच्या शाखा आहेत आणि बहुतेक ठिकाणी कोच म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे पालकच असतात.

सगळ्यात लहान मुलं टी-बॉल खेळतात, साधारण चार ते सात वर्षांची. ‘टी’ नावाच्या रबरी खांबावर चेंडू ठेवलेला असतो, तो मारायचा. त्यानंतर कोच पिच किंवा मशीन पिच. म्हणजे चेंडू मोठा माणूस किंवा यंत्र टाकतं. आठ-नऊच्या सुमाराला मुलंच एकमेकांना चेंडू टाकू लागतात आणि खरी अडचण इथे येते. नऊ वर्षांच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलाचा, स्वतःच्या चेंडूवर ताबा नसतो. चेंडू कधी डोक्यावरून जातो, कधी बरगडीवर बसतो. ज्या मुलाने आजवर बॅट धरलेली नाही त्याला एकदम या गटात टाकलं, तर दोन फटके अंगावर खाऊन ते घरी येतं आणि परत जायचं नाव घेत नाही.

म्हणून आठ-नऊ वर्षांचं मूल अगदी नवखं असेल, तर लीगच्या प्लेयर एजंटला ईमेल करून विचारा की एक हंगाम खालच्या गटात खेळवता येईल का. हा माणूस याच कामासाठी असतो. आपल्याकडे ‘वरच्या वर्गात बसवा’ म्हणणारे पालक पुष्कळ. इथे खालचा वर्ग मागणारा पालक शहाणा. निवड चाचणीच्या दिवसाचीही धास्ती नको. संघ समतोल व्हावेत म्हणून ती पाहणी असते, त्यात कुणी नापास होत नाही.

मुलगी असेल तर तिला आपोआप सॉफ्टबॉलकडे (मोठ्या चेंडूने खेळायचा बेसबॉलसारखा खेळ) वळवू नका, तिला विचारा. लिटल लीगची दारं मुलींना १९७४ पासून उघडी आहेत, आणि २०१४च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने पिचिंग करून समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नव्हती.

२. सामान: थोडंच, पण बरोबर

ग्लव्हमध्ये नवे पालक हमखास फसतात. मूल ज्या हाताने फेकतं, त्याच्या विरुद्ध हातात ग्लव्ह घालायचा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला डाव्या हातात घालायचा ग्लव्ह लागतो आणि त्यावर ‘आर एच टी’ अशी अक्षरं असतात. टी-बॉलच्या मुलाला ९ ते १० इंचांचा पुरतो. ‘दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठा घेऊ नका; जो ग्लव्ह मुलाला एका हाताने मिटता येत नाही, त्यात चेंडू राहत नाही. नवं चामडं कडक असतं. त्यात चेंडू ठेवून, दोरीने बांधून रात्रभर ठेवा आणि रोज हाताने दुमडत राहा.

बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का हवाच, २०१८ पासून लिटल लीगमध्ये तो बंधनकारक आहे. दुकानात शेजारीच यूएसएसएसए शिक्क्याच्या बॅटी असतात, दिसायला झोकदार आणि किमतीला भारी. त्या ट्रॅव्हल संघांच्या (निवडक मुलांचे, गावोगावी जाऊन खेळणारे संघ) स्पर्धांसाठी असतात, लिटल लीगमध्ये चालत नाहीत. वजन बघायचं असेल तर मुलाला बॅट एका हातात घेऊन हात बाजूला सरळ आडवा धरायला सांगा. लगेच हात थरथरला किंवा खाली आला तर बॅट जड आहे.

हेल्मेट डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे, मान हलवल्यावर ते वेगळं हलता कामा नये. आत नॉक्सीचा (NOCSAE, सुरक्षेचं प्रमाण) शिक्का बघा. दुसऱ्याचं जुनं, तडा गेलेलं हेल्मेट फुकट मिळालं तरी नको. मुलग्यांसाठी क्रिकेटमधल्या गार्डसारखा कप घ्या आणि सरावालाही घालायला लावा. बुटांना प्लास्टिकचे खिळे चालतात, बारापर्यंतच्या गटांत धातूचे चालत नाहीत. सुरुवातीला साधे बूटही पुरतात.

चेंडूबद्दल थोडं सविस्तर. खरा बेसबॉल ५ ते सव्वापाच औंसांचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, पण तेवढाच टणक. घरच्या सरावाला हा चेंडू आणू नका. आघात कमी करणारे मऊ गाभ्याचे सेफ्टी बॉल मिळतात: लेव्हल १ सगळ्यात मऊ, लेव्हल ५ जरा टणक. दिसतात हुबेहूब खऱ्यासारखे.

३. फेक: सगळ्यात आधी, सगळ्यात सावकाश

क्रिकेटमध्ये वाढलेले आपण मुलाला म्हणतो, ‘जोरात फेक!’ इथे वर्षभर तरी हा शब्द वापरू नका. नीट फेकणाऱ्या मुलाचा जोर वयाबरोबर आपसूक येतो. वेडंवाकडं फेकणाऱ्याने जोर लावला की तो कोपरावर येतो.

चेंडू कसा धरायचा ते आधी. शिवण जिथे कमानीसारखी वळते तो भाग वर घ्या आणि तर्जनी व मधलं बोट त्या शिवणीवर आडवी ठेवा. अंगठा बरोबर खाली. हात छोटा असेल तर तीन बोटं चालतील. तळवा आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट राहिली पाहिजे, चेंडू मुठीत आवळायचा नाही.

आता उभं राहणं. छाती समोर करून फेकायचं नाही. अंग वळवून आडवं उभं राहायचं, ग्लव्हच्या बाजूचा खांदा जिथे फेकायचं तिकडे. चेंडूचा हात खाली, मागे आणि वर जातो. या क्षणी थांबून मुलाचं कोपर बघा: ते खांद्याच्या उंचीला आलं पाहिजे. खाली लोंबत असेल तर मूल भालाफेकीच्या थाटात चेंडू ढकलतं आणि कोपराच्या आतल्या बाजूला ताण बसतो. मग पुढचा पाय नेमका लक्ष्याच्या दिशेने, आधी कंबर फिरते, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात. चेंडू सुटल्यावर हात तिथेच थांबवायचा नाही. तो अंगावरून आडवा जाऊन विरुद्ध गुडघ्याच्या बाहेर उतरतो. हा शेवटचा झोका मुलं अर्धवट सोडतात. हाताचा वेग हळूहळू जिरायला त्याचीच मदत होते.

पहिले काही दिवस मुलाला एका गुडघ्यावर बसवून फेकायला लावा. पाय बाजूला झाले की खांदा-कोपराकडे लक्ष राहतं. अंतर दहा-बारा पावलं. चार-पाच फेकी लागोपाठ छातीशी आल्या की एक पाऊल मागे. सुरुवातीला थोडं पळणं, हात फिरवणं, आणि अंग गरम झाल्यावरच चेंडू. आल्या आल्या लांबून चेंडू फेकायची आपली मैदानी सवय इथे सोडायची.

४. झेल आणि चेंडूची भीती

क्रिकेटमध्ये आपण दोन हातांची ओंजळ करून, चेंडूबरोबर हात मागे घेत झेल घेतो. ग्लव्हमध्ये नियम वेगळा: चेंडू कमरेच्या वर असेल तर बोटं आकाशाकडे, खाली असेल तर बोटं जमिनीकडे. लहान मुलं उंच चेंडूलाही तळहात वर करून, पोटाशी ग्लव्ह धरतात. चेंडू ग्लव्हच्या काठाला लागून सरळ तोंडावर येतो, ओठ फुटतो आणि तिथून भीती सुरू होते. ही एक गोष्ट पक्की होईपर्यंत टणक चेंडू नको.

भीतीवर ओरडण्याचा उपाय चालत नाही. ‘एवढ्याशा चेंडूला घाबरतोस?’ हे वाक्य तर नकोच. मुलाचं घाबरणं रास्त आहे, चेंडू खरंच लागतो. उपाय चेंडू बदलण्यात आहे. आधी मोज्यांचा घट्ट बोळा, ग्लव्ह न घालता, नुसत्या हाताने. मग ग्लव्ह घालून टेनिस बॉल. मग लेव्हल १. प्रत्येक टप्प्यावर मूल डोळे न मिटता, मान न फिरवता झेल घेतं का ते बघा; घेत असेल तरच पुढे जा. डोळे मिटायला लागलं की गुपचूप एक टप्पा मागे या, त्याचा गाजावाजा करू नका. कुणाला याला आठवडा लागतो, कुणाला अख्खा हंगाम.

जमिनीवरच्या चेंडूला पाय फाकवून, बूड खाली घालून, ग्लव्ह मातीला टेकवून थांबायचं. फेकायचा हात ग्लव्हच्या वर, झाकणासारखा. चेंडूने अचानक उसळी घेतली तर तोच हात तोंड वाचवतो.

५. बॅटिंग

उजव्या मुलाचा डावा हात बॅटच्या मुठीच्या टोकाशी आणि उजवा त्याला चिकटून, म्हणजे हातांचा क्रम क्रिकेटसारखाच. फरक इतकाच की इथे बॅट खांद्याजवळ वर असते. दारावर टकटक करताना बोटांचे जे सांधे आपटतात ते दोन्ही हातांचे एका रेषेत आणा.

आपण ‘सरळ बॅट’ शिकून मोठे झालो, त्यामुळे ती शिकवण तोंडात येतेच. ती आवरा. इथे कंबर फिरते, मागचा पाय चवड्यावर वळतो आणि बॅट चेंडूच्या वाटेत जवळपास आडवी येते. टीवर सराव करताना चेंडू मुलाच्या कमरेच्या उंचीला ठेवा आणि टी पुढच्या पायाच्या थोडी पुढे. बॅट चेंडूऐवजी खांबावर आदळत असेल तर मागचा खांदा खाली पडतोय. टीचा सराव कंटाळवाणा वाटतो, पण मोठे व्यावसायिक खेळाडूही रोज तो करतात.

अंगावर येणारा चेंडू कसा चुकवायचा हे मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा. क्रिकेटमध्ये मागे वाकून बाउन्सर सोडतात. इथे तसं केलं की छाती आणि चेहरा उघडे पडतात. पुढचा खांदा आत वळवायचा, हनुवटी छातीशी, छाती कॅचरकडे (इथला विकेटकीपर), पाठ पिचरकडे, बॅट खाली. चेंडू पाठीच्या मांसल भागावर बसतो. मोज्याच्या बोळ्याने हा खेळ म्हणून खेळा, मुलांना फार आवडतो. ताशी ५० मैलांनी येणारा चेंडू पिचरपासूनचे ४६ फूट साधारण ०.६ सेकंदात कापतो, एवढ्या वेळात विचार करून काही होत नाही. अंगाला सवय असावी लागते.

बॅट हातात घेतली की आधी चारी बाजूंना बघायचं, ही शिस्त अंगणातही हवी. धाकटं भावंड मागून कधी येऊन उभं राहील सांगता येत नाही. मैदानावर तर बारापर्यंतच्या गटांत ज्याची पाळी आहे त्याच्याच हातात बॅट असते, पुढच्याने तयारीला म्हणून घुमवायची परवानगी नाही.

६. पळणं

आपल्या मुलांची ठरलेली चूक: चेंडू मारला की बॅट घेऊन पळतात. टीव्हीवर क्रिकेटमध्ये सगळे तसंच करताना दिसतात ना! बॅट खाली टाकून पळायचं, भिरकावायची नाही. भिरकावलेली बॅट कॅचरच्या नडगीवर जाते. अंगणात ‘मार, ठेव, पळ’ असं म्हणत नुसता हाच सराव करून घ्या, चेंडूशिवाय.

पहिल्या बेसवर (पळून गाठायचा पहिला टप्पा) थांबायचं नसतं, पूर्ण वेगाने त्यावरून पुढे निघून जायचं. नाहीतर तिथे ब्रेक मारताना घोटा मुरगळतो. घसरायचं ते पायाने, हात वर ठेवून. लहान गटांत पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून झेपावायला बंदी आहे. ओल्या गवतावर मोजे घालून शिकवलं तर मूल हसत हसत शिकतं.

७. पिचिंगची वेळ आली तर

हा भाग दोनदा वाचा. मुलाचा हात चांगला दिसला की कोच त्याला पिचर करतो आणि आपली छाती अभिमानाने फुगते. तेव्हाच जास्त सावध राहायचं.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं टोक अजून कूर्चेने जोडलेलं असतं. मोठ्या माणसात जो ताण स्नायू आणि अस्थिबंध झेलतात, तो मुलात या कच्च्या सांध्यावर येतो. वारंवार ओढ बसली की तिथे सूज, दुखणं, कधी हाडाचा तुकडा ओढला जाणं, इथपर्यंत मजल जाते. डॉक्टर याला ‘लिटल लीगर्स एल्बो’च म्हणतात, खांद्याचंही तसंच दुखणं आहे. कारण एकच, प्रमाणाबाहेर फेकणं.

म्हणून लिटल लीगमध्ये दिवसाच्या पिचेसना, म्हणजे पिचरने बॅटरला टाकायच्या चेंडूंना, मर्यादा आहे. ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५. शिवाय विश्रांतीचं गणित: १४ वर्षांपर्यंत एका दिवसात २१ ते ३५ पिचेस टाकल्या तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार. ४१ किंवा जास्त पिचेस टाकल्या की त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभं राहता येत नाही, कारण कॅचरलाही सतत फेकावं लागतं.

ही मोजणी लीग करते, पण फक्त स्वतःच्या सामन्यांची. त्याच आठवड्यात मूल ट्रॅव्हल संघात खेळलं, वर खाजगी कोचकडे गेलं आणि परसात बाबांना पन्नास चेंडू टाकले, तर त्याची बेरीज कुणाकडे नसते. ती तुम्हीच ठेवायची. फोनमध्ये तारीख आणि आकडा लिहा. एका वेळी दोन संघ नकोत. वळणारे चेंडू (कर्व्हबॉल वगैरे) बारापर्यंत नकोतच. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनाही या वयात सरळ वेगवान चेंडू आणि चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) एवढ्यावरच थांबायला सांगतात. त्याच सूचनांत ९ ते १२ वयाला वर्षातून किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी सांगितली आहे, त्यातले दोन-तीन महिने सलग.

सामन्यानंतर ‘कसं झालं?’ याच्या आधी विचारा, ‘हात दुखतोय का? बोटाने दाखव कुठे.’ दंडाचा थकवा एक-दोन दिवसांत जातो. बोट कोपराच्या आतल्या हाडावर किंवा खांद्याच्या वरच्या भागावर टेकलं, तर फेकणं त्या दिवसापासून बंद आणि मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची. दुखणं मारायची गोळी देऊन शनिवारचा सामना खेळवणं म्हणजे इजा झाकून वाढवणं. आणि मुलं दुखणं लपवतात, बाकावर बसवतील म्हणून. त्यामुळे ‘दुखतंय’ म्हटल्यावर तुमचा चेहरा पडलेला त्यांना दिसू देऊ नका.

८. डोकं, छाती, वीज, ऊन

डोक्याला चेंडू लागला किंवा धडक झाली आणि मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं, चक्कर आली, मळमळलं, तर त्या दिवशी ते परत मैदानात जात नाही. डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच पुढचा खेळ. उलट्या होत राहिल्या, शुद्ध हरपली, डोकेदुखी वाढत गेली तर थेट ९११.

छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या चेंडूने हृदयाची लय बिघडून मूल कोसळू शकतं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर मिनिटं मोजकी असतात: ९११, लगेच छाती दाबणं सुरू, आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र. मैदानावर ते कुठे ठेवलंय हे पहिल्याच दिवशी कोचला विचारा. कॅचर होणाऱ्या मुलाला छातीचं कवच, गळ्याचा पडदा असलेलं हेल्मेट आणि कप याशिवाय सरावातही बसू देऊ नका.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबतो, सगळे गाडीत किंवा इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वाट बघायची. डगआउट हा आसरा नाही. टेक्सास, ॲरिझोनासारख्या ठिकाणी ऊन सोसायला अंगाला आठवडा-दोन आठवडे लागतात. पाणी तहान लागण्याआधी.

भारतातून आजी-आजोबा आले असतील तर ते कौतुकाने खुर्ची घेऊन अगदी रेषेजवळ बसतात. फाउल गेलेला, म्हणजे रेषेबाहेर उडालेला, चेंडू तिथेच येतो. त्यांना जाळीच्या मागे बसवा आणि ‘हेड्स अप’ अशी आरोळी आली की वर न बघता डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं, हे समजावून सांगा.

९. घरी किती

लहान मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा, वीस मिनिटं पुष्कळ झाली. पाच मिनिटं पळापळ, पाच मिनिटं गुडघ्यावरची फेक, मग टीवर वीसेक फटके, शेवटी त्याला आवडेल ते. मूल ‘अजून एक’ म्हणत असतानाच आवरतं घ्या.

बाकीचे दिवस दुसरं काहीही: पोहणं, फुटबॉल, सायकल. जून-जुलैत भारतात जाणार असाल तर हाताला सुट्टी आपोआप मिळते, ग्लव्ह बॅगेत भरू नका. सोसायटीत चुलतभावंडांबरोबर रबरी चेंडूने क्रिकेट खुशाल खेळू द्या, फक्त सीमारेषेवरून विकेटकीपरकडे लांब फेका मारायची पैज लावू नका. परत आल्यावर फॉल बॉल (शरद ऋतूतला हंगाम) खेळायचा असेल तर पहिले दोन आठवडे पुन्हा दहा-बारा पावलांवरूनच सुरू करा.